जिथं फुली, तिथं सही

सोनोग्राफीचा प्रोब मी माझ्याच हातात धरला होता. माझ्या पायावर दुसऱ्या कुणी प्रोब फिरवलेला मला चालला नसता.

"ताई, मी बघते की. तुम्ही नीट झोपा तरी," माझ्या हाताखाली शिकलेली प्रणोती म्हणाली.

"तू जेल लाव आणि गप उभी राहा."

तिनं माझ्या डाव्या मांडीला आतल्या बाजूनं जेल लावलं. मी प्रोब टेकवला आणि स्क्रीनकडं बघितलं. मांडीत कातडीच्या खाली दोन पांढऱ्या रेषा एकमेकींना मिळतात आणि डोळ्यासारखा आकार दिसतो. त्या डोळ्यात बुबुळाच्या जागी एक काळा गोल असतो. तीच बायपासला लागणारी शीर. असे डोळे मी आजवर काही हजार बघितलेत. माझ्या मांडीत डोळा होता, बुबुळ नव्हतं.

मी प्रोब जांघेकडं नेला, खाली गुडघ्यापर्यंत आणला, परत वर नेला. मशीन बिघडलं असेल म्हणून प्रणोतीच्या हातावर लावून बघितलं. तिच्या शिरा टुमटुमीत दिसत होत्या.

"अगं, माझी शीर कुठाय?"

प्रणोती हसली. "काय ताई, चेष्टा करताय! तुम्हीच नाही का दिली अण्णांना?"

मी प्रोब खाली ठेवला. तिचं हसू हळूहळू उतरलं आणि जेलची बाटली तिच्या हातातून खाली पडली.

मी शालन मगदूम, वय त्रेपन्न. मिरजेतल्या एका मोठ्या हार्ट हॉस्पिटलात गेली अठ्ठावीस वर्षं मी एकच काम करते. बायपास करताना सर्जन छातीपाशी उभे असतात, मी पायापाशी. पेशंटच्या पायातली शीर मी काढून देते आणि ते ती हृदयाला जोडतात. हृदयाची बंद पडलेली वाट सोडून रक्ताला नवी वाट मिळते, ती माझ्या हातातून गेलेली असते. ऑपरेशन झाल्यावर नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात. माझं नावही कुणाला ठाऊक नसतं. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

पायातली ही शीर म्हणजे जास्तीची. बहुतेक रक्त आतल्या मोठ्या शिरा वर नेतात, म्हणून ही काढली तरी पायाचं काही अडत नाही. पण पूर्वी ती काढायला घोट्यापासून मांडीपर्यंत पाय उभा चिरायचे. मी कामाला लागले तेव्हा पेशंट म्हणायचे, बाई, छातीचं काही नाही, हा पाय जीव घेतोय. मग दुर्बिणीची पद्धत आली. गुडघ्याजवळ एक छोटं भोक, त्यातून कॅमेऱ्याची नळी आत, आणि आतल्या आत शीर सोडवून बाहेर. त्यानंतर आली अळी. कंपनीनं तिला भारीतलं नाव दिलंय, पण आमच्याकडं सगळे अळीच म्हणतात. पेन्सिलीच्या जाडीचं मऊ यंत्र. ते शिरेच्या कडेकडेनं सरकत जातं, वाटेतले फाटे बंद करतं आणि शीर अलगद मोकळी करतं. शिरेला धक्का लागला तर तिचं आतलं अस्तर दुखावतं आणि चार वर्षांत ती पुन्हा बंद पडते, म्हणून अळी चालवणाऱ्याच्या अंगठ्याला एक टोपी असते. आत किती ताण पडतोय ते त्या टोपीतून अंगठ्याला कळतं. मी डावखुरी आहे. माझा डावा अंगठा शिरेशी बोलतो, असं आमचे डॉक्टर हेरवाडे पाहुण्यांना सांगतात.

अळीनं शीर काढली की दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. महिन्यानं भोकाची खूणही सापडत नाही. याचंच सगळीकडं कौतुक झालं. चोराला तरी दुसरं काय हवं असतं, हा विचार त्या वेळी कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

दुसरी गोष्ट धुलाईची. एकाची शीर दुसऱ्याला लावली तर शरीर ती नाकारतं. पण दहाएक वर्षांपूर्वी तिच्यातल्या पेशी धुऊन काढायची रीत निघाली. धुतल्यावर उरतं ते नुसतं कवच. ते कुणालाही चालतं, आणि घेणाऱ्याच्या पेशी हळूहळू त्यात घर करतात. धुवायला चार दिवस लागतात.

चार दिवस! सात वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. तिचं ऑपरेशन सोमवारी झालं, आमच्याच हॉस्पिटलात. त्याच आठवड्यात शुक्रवारी माझ्या मोठ्या दिरांचा, भूपालअण्णांचा बायपास झाला. पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात उभं राहून राहून त्यांच्या पायांतल्या शिरा पार गाठाळल्या होत्या. माझ्या नवऱ्याच्या, सुकुमारच्याही तशाच. घराण्याचाच दोष. अण्णांना शीरपेढीतनं कुणा दात्याची शीर मिळाली असं मला सांगितलं होतं. मी घरी गुडघ्यावर बर्फ धरून बसले होते आणि त्या अनोळखी दात्याला मनातल्या मनात आशीर्वाद देत होते. शिरा काढण्यात जन्म गेला माझा, आणि सोमवार ते शुक्रवार मला मोजता आले नाहीत.

"ताई, सुकुमारदादांनी सांगितलं होतं तुम्ही हो म्हणालाय म्हणून," प्रणोती रडत सांगत होती. "म्हणाले, गुडघ्याच्याच भोकातनं काढा, वेगळं नको. आणि तिच्याजवळ विषय काढू नकोस, तिला उपकार केल्यासारखं वाटतं. मला ते तुमच्यासारखंच वाटलं."

"तू मला विचारलंस?"

"तुम्हाला कसं विचारणार, ताई? तुम्ही मला शिकवलंत. आणि फॉर्मवर तुमची सही होती की."

होती. अकरा ठिकाणी होती. पहिल्या दिवसापासून मी पोरींना सांगत आले, की पेशंटच्या तोंडून ऐकल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही. सही बघू नका, तोंडून ऐका. पण गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी प्रणोतीनं माझ्यापुढं कागदांचा गठ्ठा ठेवला, पेन्सिलीनं फुल्या मारलेला, आणि म्हणाली, "ताई, जिथं फुली तिथं सही." आपलंच हॉस्पिटल, आपलीच पोरगी. चष्मा पर्समध्ये होता, पर्स सुकुमारकडं होती. मी खटाखट सह्या ठोकल्या. त्याच गठ्ठ्यात एक कागद होता, की ऑपरेशनात काढलेला भाग उपयोगाला आणण्यास हरकत नाही. त्याखाली नातेवाईकाची सही होती, सुकुमार मगदूम. तेव्हा दात्याला कॅमेऱ्यासमोर विचारायचा कायदा आला नव्हता. काढलेली शीर कागदोपत्री कचराच होती.

मी पाय पुसला आणि सरळ घरी गेले. खरं तर मला जिना चढायलाही बंदी होती. दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी बस्तीची, आमच्या जैन मंदिराची, पायरी चढताना माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. आठवड्याच्या आत बायपास करा, असं हेरवाडेंनी सांगितलं, आणि म्हणूनच मी माझा पाय बघायला बसले होते.

पर्वात सुकुमार एकभुक्त असतात. दुपारी पानावर बसले होते, पुढं मुगाची आमटी.

"अहो, माझ्या डाव्या पायातली शीर अण्णांच्या छातीत आहे?"

त्यांनी घास खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

कसली शीर, असं नाही विचारलं. काय बोलतेस हे, असंही नाही. कुणी सांगितलं! बत्तीस वर्षं ज्या माणसाचा डबा भरला त्याचं पहिलं वाक्य हे.

"ते महत्त्वाचं नाही. होय की नाही?"

"शालन, तुला उगाच टेन्शन नको म्हणून..."

"माझी शीर, माझा पाय, आणि टेन्शन नको म्हणून मला सांगायचं नाही?"

"अण्णांनी मला बापाच्या जागी राहून वाढवलं. पेढीत तीन महिन्यांची रांग होती, डॉक्टर म्हणत होते पंधरा दिवस. काय करायचं होतं मी?" त्यांचा आवाज चढला. मग एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "विचारलं असतं तर दिली असतीस?"

सगळ्या बायका अशा वेळी म्हणतात, मागितली असती तर हसत दिली असती. मीही म्हणू शकले असते. पण माझा बाप बावन्नाव्या वर्षी हार्टनं गेला. ऑपरेशन थिएटरात दिवसदिवस उभं राहून माझ्या उजव्या पायातली शीर फुगली, ती तिशीतच लेसरनं जाळून टाकावी लागली. हाताशी एकच उरली होती. ती मी जपून ठेवली होती, आणि हे आमच्या घरात भिंतींनाही माहीत होतं.

"नसती दिली," मी म्हणाले.

"बघ! म्हणूनच नाही विचारलं."

वाद जिंकल्यासारखं बोलले हो! वर पाण्याचा घोट घेतला.

मला तेव्हा आठवली ती क्षमावाणी. पर्व संपलं की आमच्यात एकमेकांची क्षमा मागतात. लहान-मोठं बघत नाहीत, नवराही बायकोपुढं हात जोडतो. सुकुमार दर वर्षी जोडतात. "शालन, कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." मी म्हणायची, "तुमचं कसलं चुकतंय, उत्तम क्षमा." गेली सात वर्षं हा माणूस माझ्यापुढं उभा राहून कशाची क्षमा मागायची ते न सांगता क्षमा घेऊन जात होता. शीर एकदाच नेली, पण हे दर वर्षी चाललं होतं. त्या दुपारी मला शिरेपेक्षा याचाच जास्त संताप आला. मी त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि मोरीत आपटलं.

मोरीपाशी येऊन ते म्हणाले, "अण्णांना मात्र सांगू नकोस. हात जोडतो. ते अन्न सोडतील."

खरं होतं ते. अण्णा अणुव्रती. न दिलेलं घ्यायचं नाही हे त्यांचं व्रत. हॉस्पिटलातून घरी येताना चुकून नर्सचं पेन खिशात आलं, तर टाक्यांची छाती घेऊन सांगलीहून बसनं मिरजेला येऊन परत करून गेलेला माणूस तो. आणि आपण आत कुणाची शीर घेऊन फिरतोय, याचा त्यांना पत्ता नव्हता.

"माझं काय व्हायचं ते विचारलं नाहीत अजून," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेरवाडेंनी माझे दोन्ही तळहात तपासले. मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरायच्या, मूठ मिटून उघडायची आणि एकच धमनी सोडायची. तळहात लगेच लाल झाला तर दुसरी काढता येते. माझा उजवा हात पांढराच राहिला. डावा चटकन लाल झाला.

"छातीच्या आतली एक धमनी वापरू," हेरवाडे म्हणाले. "बाकी दोन जोडण्यांना डाव्या हाताची. पण शालनबाई, अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा राहू शकतो. काहींचा जातो, काहींचा कायमचा राहतो."

"मग अळी?"

ते चष्मा पुसत राहिले. एवढ्यानं मला कळलं.

"दुसरी वाट म्हणजे दाता. आज मिळाला तर धुलाई वेळेत होईल," ते म्हणाले.

प्रकार कळल्यावर हॉस्पिटलनं चौकशी लावली, प्रणोतीला कामावरून बाजूला केलं. तरी संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. डोळे सुजलेले, हातात फाइल. मागून सुकुमार.

"ताई, माझी घ्या," ती म्हणाली.

मी फाइल उघडली. दात्याची पानं वेगळी, घेणाऱ्याची वेगळी. माझ्या पानांवर पेन्सिलीच्या फुल्या होत्या. हस्ताक्षर प्रणोतीचं नव्हतं. फुली मारताना शेपूट ओढायची सवय सुकुमारची. दुकानातल्या भांड्यांच्या यादीत मी ती बत्तीस वर्षं बघतेय.

"तुम्ही हिला फोन केलात?"

"तुझ्यासाठीच ना! तूच म्हणालीस तुझं काय. मी व्यवस्था केली. तू नुसत्या सह्या कर, बाकी डोक्याला ताप घेऊ नकोस."

या माणसाला वाटत होतं आपण फेड करतोय. एका बाईची शीर न विचारता घेतली, आता दुसरीची, डोळ्यांत पाणी असेपर्यंत, उरकून घ्यायची. मी प्रणोतीला जवळ बोलावलं.

"खरं सांग. दादांचा फोन आला नसता तर आली असतीस?"

बत्तीस वर्षांची पोर, तिचा बाप दोन स्टेंट घालून फिरतो. मी वाट बघितली, पण ती बोलली नाही.

"मला तुझ्या तोंडून ऐकायला आलं नाही," मी म्हणाले. "जा घरी. शीर जपून ठेव, लागेल तुला."

"अगं, देतेय ना ती!" सुकुमार ओरडले.

"ती देत नाही, भरून देतेय. तुम्हाला यातला फरक कळला असता तर आज माझ्या मांडीत शीर असती."

त्या रात्री मी डाव्या अंगठ्यानं उशीच्या अभ्र्याची शिवण चाचपत पडले होते. टाका न् टाका लागत होता. अठ्ठावीस वर्षांत हे एवढंच मी कमावलं होतं, आणि तेही आता जाणार होतं. खूप रडले, उगाच कशाला लपवू.

ऑपरेशन ठरलं सोमवारी. रविवारी क्षमावाणी आली. सकाळी खोलीत संमतीचा कॅमेरा लावून हॉस्पिटलची माणसं तयार होती. विचारायला प्रणोतीच हवी, असा हट्ट मी धरला होता. चौकशी चालू असताना हे कसं, म्हणून कागदावाले कुरकुरले. मी म्हणाले, तिला काढायला देऊ नका, विचारायला तरी द्या. तेवढ्यात अण्णा आले. पांढरं धोतर, सत्त्याहत्तरीतही ताठ. मागे सुकुमार.

अण्णांनी हात जोडले. "शालन, कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा."

"उत्तम क्षमा, अण्णा. तुमचं काही चुकलेलं नाही." हे मी मनापासून म्हणाले.

"मी बस्तीतनं आलो," ते म्हणाले. "दर वर्षी त्या दात्याचीही क्षमा मागतो. कोण बिचारा होता, कुणास ठाऊक. तुलाही असाच कुणीतरी भेटायला हवा होता."

मग सुकुमार पुढं झाले. त्यांनीही हात जोडले. "शालन, कळत-नकळत..."

"थांबा," मी म्हणाले. "नकळतचं सोडून द्या. कळत जे केलंत, तेवढंच सांगा. इथंच, अण्णांसमोर. मग मी विचार करते."

सुकुमारचे हात जोडलेलेच राहिले. अण्णांनी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. साठ वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेला माणूस तो. त्यांचा हात आपोआप छातीवरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला.

"सुकुमार," त्यांनी अगदी हळू विचारलं, "कुणाची रे?"

"अण्णा... तुम्हाला टेन्शन नको म्हणून..."

अण्णा मटकन खुर्चीत बसले. त्यांनी सुकुमारला पुढं बोलू दिलं नाही. धोतराचा सोगा तोंडाला लावून ते रडायला लागले, आणि मला त्यांची दया आली. पण उठून त्यांना जवळ घ्यावं असं काही वाटलं नाही. त्यांचं त्यांनीच बघायला हवं होतं, मला माझं बघायचं होतं.

मी चष्मा लावला. नऊ पानं होती, नऊही वाचली. एकाही पानावर फुली नव्हती. सही कुठं करायची ते मी स्वतः शोधलं आणि डाव्या हातानं केली. शेवटच्या पानावर नातेवाईकाच्या सहीचा रकाना होता. तिथं मी आडवी रेघ मारली.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. प्रणोती माझ्यासमोर येऊन बसली. शिकवल्याप्रमाणं तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं.

"शालन मगदूम, उद्या तुमच्या डाव्या हातातली धमनी काढली जाईल. अंगठा कायमचा बधिर होऊ शकतो. तुम्हाला तुमचं काम परत करता येईलच असं नाही. समजलं?"

"समजलं."

"कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या दबावाखाली?"

"कुणाच्याही नाही."

"मग ही धमनी तुम्ही देताय का?"

काही हजार माणसांना हा प्रश्न मी विचारला होता. मला तो आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. दाराशी सुकुमार अजून तसेच हात जोडून उभे होते.

"देते," मी म्हणाले.